सगळ्या अंतरांना एकच रायफल

माझ्या नातीला मराठी वाचायचा कंटाळा येतो. दोन ओळी झाल्या की "आज्जी, तूच सांग ना, इट्स टू लाँग" म्हणून कागद परत देते. त्यामुळे हे मी निर्धास्त लिहिते आहे. तिचे आजोबाही वाचणार नाहीत. मी पेन हातात घेतलं की किराण्याची यादी चालली आहे, असंच त्यांना गेली चाळीस वर्षं वाटत आलंय. बायकोच्या हातातल्या कागदाला कुणी घाबरत नाही, हा लग्नाचा एक फायदा.

आम्ही मस्कतला अल अमेरातमध्ये राहतो. आमचे हे एका दुकानात होते. तंबू, दुर्बिणी, मासे धरायच्या काठ्या आणि आतल्या जाळीच्या दाराआड नेमबाजीच्या रायफली. रायफली दाखवणं, परवाने तपासणं ही कामं ओमानी मंडळींची. यांच्याकडे साठ्याच्या नोंदी आणि परदेशी कंपन्यांशी पत्रव्यवहार. पण सल्ला हवा असला की गिऱ्हाईक थेट यांच्या टेबलाशी यायचं. दुकानात यांना सगळे 'खबीर' म्हणत. खबीर म्हणजे जाणकार. मालकसुद्धा, ज्यांना आम्ही सगळे अर्बाब म्हणायचो, ते लोकांना अभिमानाने सांगायचे, "हमारा खबीर से पूछो."

आता खरं सांगते. खबीर घरी पोळ्या लाटत होती.

कॉलेजात असताना मी एन.सी.सी.त होते. पंचवीस यार्डांवर, पालथं पडून, पॉइंट टू-टू रायफलने मारायचे. पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकता येतील इतक्या जवळ बसायच्या. एक स्टीलचा मग मिळाला होता, त्यात अजून डाव उभा असतो. त्या मगाच्या जोरावर ती बया, म्हणजे मीच, स्वतःला केवढी समजायची! आरशासमोर उभी राहून मुलाखती द्यायची. मग 'मुलगा गल्फला आहे' असं स्थळ आलं आणि बयेने विचारलं काय, तर तिकडे एसी असतो का. असतो म्हणाले. झालं, नेमबाजी खलास.

उरलेलं शिक्षण स्वयंपाकघरात झालं. दुकानातले जुने कॅटलॉग हे घरी आणायचे, कपाटाच्या फळ्यांवर अंथरायला. कागद जाड, गुळगुळीत, तेल पडलं तरी पुसता येई. त्यात प्रत्येक काडतुसाचे तक्ते असत. गोळी शंभर मीटरवर किती खाली येते, तीनशेवर किती, वाऱ्याने किती सरकते. मोहरी तडतडेपर्यंत एक ओळ वाचून व्हायची. मसाल्याच्या फळीखाली टू-टू-थ्री होती, डाळींच्या फळीखाली थ्री-ओ-एट, आणि वर, जिथे स्टुलावर चढावं लागे, तिथे लांब पल्ल्याची मोठी मॅग्नम. त्या पानांवर माझ्या हळदीच्या बोटांचे ठसे आहेत. यांचं इंग्रजी बेताचं, म्हणून कंपन्यांची पत्रंही मीच लिहायचे. सही त्यांची.

दुकान दुपारी दीडला बंद व्हायचं आणि साडेचारला उघडायचं. हे जेवायला घरी येत. पहिला घास घेऊन म्हणत, "अगं, एक जण आलाय. त्याला दोनशे मीटरपर्यंत मारायचंय, पण खांदा दुखरा आहे. काय सांगू?"

मी तव्यावरची पोळी उलटत सांगायचे. हे ताकाचा भुरका मारत दोनदा घोकायचे, एक डुलकी काढायचे आणि साडेचारला जाऊन खबीर व्हायचे.

आणि मला याचा राग यायचा का? छे! मला अभिमान वाटायचा. नवऱ्याचं नाव होतंय म्हणजे आपलंच होतंय, असं ती बाई स्वतःला सांगायची, आणि वर त्यांना आणखी एक पोळी वाढायची.

हा अभिमान टिकला तो मी बावन्न वर्षांची होईपर्यंत. बावन्न म्हणजे पोक्त वय, असं तुम्हाला वाटेल. मला विचाराल तर बावन्नाव्या वर्षी मी शेंबडी पोरगी होते.

त्या वर्षी दिवाळीत मराठी मंडळींच्या फराळाला गेलो होतो. पुण्याहून नवीन आलेले एक गृहस्थ यांना विचारायला लागले, रायफलींमध्ये एवढे नंबर कशाला असतात, एक मोठी घेतली की झालं ना? हे चकली खात होते, तोंड भरलेलं. मी सहज म्हटलं, "असं नसतं. जवळच्याला हलकी लागते, लांबच्याला लांबट, सडपातळ गोळीची लागते, म्हणजे वारा—"

एवढ्यात यांची चकली संपली.

"अहो, हिचं काय ऐकता!" हे हसून म्हणाले. "हिचा नेम फक्त लाटण्याचा."

सगळे हसले. बायकाही हसल्या, जरा जास्तच. एकीने तर माझ्या पाठीवर थाप मारली. मीही हसले असणार. पण घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

पुढच्याच आठवड्यात हे दुपारी आले ते बूट काढता काढता बोलायला लागले. अर्बाबांची खाबुऱ्याला खजुराची बाग होती, आणि बागेमागे डोंगरापर्यंत ओसाड, दगडाळ जमीन. तिथे ते घरच्यांसाठी आणि ओळखीच्या नेमबाजांसाठी रेंज बांधत होते. पन्नास मीटरचं एक, तीनशेचं एक आणि आठशेचं एक अशी तीन लक्ष्यं. रायफली कुठल्या घ्यायच्या ते खबीरने सांगायचं.

"त्यांच्या मुलीचंही आहे त्यात," हे म्हणाले. "आजोबांच्या जुन्या टू-टूने बागेत डबे उडवते म्हणे. तिला बायकांच्या टीमच्या चाचणीला जायचंय. काका लोक नको म्हणतायत. अर्बाब म्हणाले, हिवाळा संपायच्या आत रेंज सुरू होईल तेव्हा सगळ्या काकांसमोर पन्नासला पाच मार आणि तीनशेला पाच मार. बसल्या तर मी स्वतः नेतो. नाही बसल्या तर विषय बंद."

मी म्हटलं, "मग सोपं आहे. पन्नासला पॉइंट टू-टू. आवाज नाही, धक्का नाही, हात बसतो. तीनशेला टू-टू-थ्री. आठशेला सिक्स पॉइंट फाइव्ह. समुद्राकडून दुपारी वारा सुटतो तिकडे, त्यात ती कमी सरकते, आणि खांदाही मोडत नाही."

हे विचारात पडले. "तीन-तीन कशाला? तीन जातीच्या गोळ्या, तीन जागी ठेवा, तीन नोंदी. एकात भागणार नाही का? सगळ्याला चालेल असं एकच सांग ना."

हे आमच्या रक्तातच आहे. मुलाला शाळेचा कोट घेतला तो दहावीपर्यंत चालेल असा; पाचवीत त्याचे हात दिसत नव्हते, दहावीत मनगटं झाकत नव्हती, मधलं एक वर्ष तेवढा बरोबर बसला. ऑफिसला, लग्नाला आणि सुतकात भेटायला जायला चालेल असा एकच बूट. सगळ्याला चालणारी वस्तू कशालाच धड चालत नाही, हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या कळत नाही आणि आम्ही त्याला समजूतदारपणा म्हणतो.

बरं, एकच हवी तर थ्री-ओ-एट सांगता आली असती. तीनशेला उत्तम, आठशेला ओढूनताणून, पन्नासला उगाच जड. निभावली असती. ते माझ्या ओठांवर आलंही होतं.

पण मला लाटणं आठवलं.

"एकच हवी ना?" मी म्हटलं. "मग थ्री हंड्रेड मॅग्नम घ्या. आठशेपर्यंत जाते, हजारच्या पुढेही जाते. जी लांब जाते ती जवळ जाणारच की."

"हे बरोबर बोललीस," हे म्हणाले आणि वरण ओढून घेतलं.

त्यात खोटं काही नव्हतं, हीच त्यातली गंमत. मॅग्नम पन्नास मीटरही जातेच. फक्त ती चालवणाऱ्याच्या खांद्यात असा रट्टा घालते की सवय नसलेला माणूस तिसऱ्या गोळीपासून चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो. मी मनात चित्र रंगवलं होतं. अर्बाब चिडतील, म्हणतील, "हा कसला खबीर?" आणि हे घरी येऊन मान खाली घालून बसतील. मग मी आणखी एक पोळी वाढणार नव्हते. माझी सुडाची झेप एवढीच होती.

मुलीचं काय, हा विचार आला का? मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते की मला वाटलं, तिला आजोबांची जुनी देतील. तेव्हा मला असं काहीही वाटलं नव्हतं. मुलगी माझ्या लक्षातच नव्हती. मी समोर फक्त एक चकली खाणारं तोंड बघत होते.

दोन दिवसांनी हे कागद घेऊन आले. "अर्बाबांना एकदम पसंत. म्हणाले, एकदम मर्दाना. सहा मागवतोय. पत्र लिहून दे." आणि मी लिहून दिलं. शुद्ध इंग्रजीत, 'अल्पावधीत पुरवठा व्हावा' वगैरे घालून. माल यायला चार महिने लागले. चार महिन्यांतल्या प्रत्येक दुपारी मी सांगू शकले असते. उद्या सांगू, असं म्हणून मी चार महिने आमटीला फोडण्या दिल्या.

फेब्रुवारीच्या शेवटी, एका शुक्रवारी, आम्ही खाबुऱ्याला गेलो. रेंजच्या एका कडेला छप्पर टाकून पुरुष मंडळी बसली होती. बायकांसाठी जवळच एक खोली, गालिचे, लोड, खिडकीला बारीक जाळी. अर्बाबांच्या बहिणीने मला शेजारी बसवलं, खजूर पुढे केला, कावा, म्हणजे त्यांची वेलचीची कॉफी, ओतला. पुरे म्हणायला रिकामा पेला हलवायचा असतो; मी विसरले की ती पुन्हा भरायची. मी चार कप प्याले. मुलगी एकदा डोकावून गेली. बावीस-तेवीसची असेल. बारीक चणीची, अबायाच्या, म्हणजे वरच्या काळ्या झग्याच्या, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, डोळे चमकत होते. हिंदी मालिका बघून तिचं हिंदी माझ्यापेक्षा बरं होतं.

"आंटी, दुआ करना हां!"

"करूंगी बेटा," मी म्हटलं. बघा माझी हिंमत.

आधी काका लोकांनी मारलं. खिडकीतून फार दिसत नव्हतं, पण मला ऐकूनच कळत होतं. तीनशेवर लोखंडी पाट्या टांगल्या होत्या. ठो झालं की एक श्वास जायचा आणि लांबून टण्ण यायचं. ठो. टण्ण. काका धिप्पाड होते, प्रत्येक टण्णची मजा घेत हसत होते.

मग तिचा नंबर लागला, त्याच मॅग्नमने. पन्नासवर कागद होता, त्याचा आवाज येत नाही. पाच ठो ऐकू आले. पहिल्या दोनांत अंतर थोडं होतं. तिसऱ्याच्या आधी वेळ गेला, चौथ्याच्या आधी आणखी. त्या वेळेत काय चाललंय हे मला माहीत होतं. ती खांद्यावर दस्ता पुन्हा पुन्हा बसवत होती, आणि खांदा नको म्हणत होता.

मग तीनशे. ठो. मी श्वास धरला. काही नाही. ठो. काही नाही. माझ्या शेजारी तिची आत्या कुणाला तरी हलवा वाढत होती. ठो. ठो. पाचव्याला फार उशीर झाला. ठो.

टण्ण आलंच नाही; बागेतला पाण्याचा पंप तेवढा ऐकू येत होता.

ती आत आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आत्याने तिचा अबाया गळ्यापाशी बाजूला केला. गळ्याच्या हाडाखाली, खांद्याच्या खोबणीत, बशीएवढा डाग. मधे लाल, कडेने निळा पडत चाललेला.

"मैं डर गई आंटी," ती म्हणाली. "मेरा हाथ ही खराब है."

"हाथ नहीं," मी म्हटलं. हे कसं तोंडातून गेलं कळलं नाही. "डर भी नहीं. बंदूक गलत है. ये मॅग्नम है, पचास मीटर के लिए कोई मॅग्नम देता है? टू-टू चाहिए थी. तीन सौ पे टू-टू-थ्री. तुम्हारा कुछ गलत नहीं."

ती वळून बघायला लागली. "पर ये तो खबीर ने चुनी है."

इथे तीन शब्द बोलायचे होते. मैंने चुनी है. मी कपातला तळाचा कावा बघत बसले.

तिने डोळे पुसले, माझ्याकडे आणखी एक क्षण बघितलं आणि धावत बाहेर गेली. बायका मला काहीतरी खायचा आग्रह करत होत्या तेवढ्यात दारापाशी हाक आली. मी उठून दाराशी गेले. बाहेर अर्बाब, त्यांच्या मागे दोन काका, आमचे हे आणि ती. एक हात दुसऱ्या खांद्यावर दाबून धरलेली.

अर्बाब यांना म्हणाले, "खबीर, मदाम बोलती है बंदूक गलत है."

हे क्षणभर पांढरे पडले. मला एवढंच हवं होतं ना? चार महिने याचीच वाट बघत होते. पण ते एका क्षणापुरतंच होतं. मग यांना हसू सापडलं.

"अर्बाब, ये घर में कुकर चुनती है. बंदूक मैं चुनता हूं."

काका खो-खो हसले. अर्बाबही हसले. पण ते जुन्या वळणाचे, सभ्य गृहस्थ होते. हसून झाल्यावर त्यांनी सरळ मला विचारलं, अगदी आदराने:

"आप जानती है बंदूक?"

असं मला आयुष्यात कुणी कधी विचारलं नव्हतं. ना आई-वडिलांनी, ना यांनी, ना त्या फराळातल्या पुणेकराने. पंचवीस यार्डांपासून हजार मीटरपर्यंतचं सगळं मला पाठ होतं. त्यांना तक्ता म्हणून दाखवला असता तर यांची नोकरी गेली असती का? नसती गेली. अर्बाब तसे नव्हते. फार तर यांची खबीर ही पदवी गेली असती. आणि समोर ती मुलगी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

मी हसले. पदर सावरला, हो, तोही सावरला, आणि म्हटलं, "नहीं नहीं. मैं तो ऐसे ही. बच्ची रो रही थी ना, इसलिए."

"इन्शाल्ला अगले साल," अर्बाब मुलीला म्हणाले. काकांपैकी एक जण अरबीत काहीतरी बोलला. मला सगळं कळलं नाही, 'बिंत' तेवढं कळलं. मुलगी. ती कुणाकडेच न बघता बागेकडे चालायला लागली.

परतीच्या वाटेवर हे गाडी चालवत म्हणाले, "बरं झालं सावरून घेतलंस. पण तुला काय गरज होती मधे बोलायची?" मग थोड्या वेळाने, "पोरीत दमच नव्हता."

मी हलव्याचा डबा मांडीवर धरून बसले होते. न बोलणं मला छान येतं.

पुढचं साल आलं नाही. म्हणजे आलं, पण तिच्यासाठी नाही. विषय बंद म्हणजे बंद. हे सांगत त्यातून तुकड्या-तुकड्याने कळायचं: तिला बँकेत नोकरी लागली, मग लग्न ठरलं. सहा रायफलींवर काका मंडळी खूष होती. आठशेवर त्यांचे टण्ण-टण्ण चालायचे. खबीरचं नाव आणखी मोठं झालं. चूक झाली होती, पण त्या चुकीला नाव पडलं 'पोरीत दम नाही'. मी दुपारचे सल्ले देत राहिले. आता तुम्ही विचाराल, त्यानंतर तरी चिडून बंद केलं असशील? नाही. फक्त दिवसेंदिवस पोळ्या जरा जाड व्हायला लागल्या. माझा निषेध तेवढाच, आणि तोही यांच्या लक्षात आला नाही.

दोन वर्षांपूर्वी इथल्या हायपरमार्केटात भाज्यांपाशी मला कुणीतरी "आंटी!" म्हणून हाक मारली. तीच. जरा भरली होती, ट्रॉलीत दूध, डायपर. मला तिने ओळखावं याचंच मला नवल वाटलं. चार इकडच्यातिकडच्या गोष्टी झाल्या. मग म्हातारपणी जिभेचा पट्टा सैल होतो तसं झालं. भेंडी निवडता निवडता मी सगळं सांगून टाकलं. रायफल मी सांगितली होती, मुद्दाम, नवऱ्यावर सूड म्हणून. पत्रही मी लिहिलं होतं. तुझा हात चांगला होता. मला माफ कर.

मला वाटलं, ती चिडेल. किंवा रडेल. किंवा निदान तिला धक्का तरी बसेल. एवढी मोठी गोष्ट मी जपून ठेवली होती!

ती शांतपणे ऐकत होती. "मुझे पता था आंटी," ती म्हणाली.

"क्या पता था?"

"कि आपको बंदूक आती है. आपने उस दिन कमरे में बैठे-बैठे सब नाम लेके बोला. टू-टू, टू-टू-थ्री. मेरे बाबा भी ऐसे नहीं बोलते." तिने ट्रॉलीची दिशा बदलली. "आपको क्या लगा, मैं बाबा को क्यों बुला के लाई थी? मुझे लगा, आप उनके सामने बोलेंगी."

मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मोठ्या माणसाने लहान मुलाला समजावताना ठेवावा तसा, "अपना ख्याल रखना" म्हणाली आणि दुधाच्या कपाटांकडे गेली.

मी भेंडीची पिशवी घेऊन बिलाच्या रांगेत उभी राहिले. मागचा माणूस "यल्ला, आंटी, चलो" म्हणाला तेव्हा लक्षात आलं की रांग कधीच पुढे गेली आहे.